गाडीचा सेन्सर आणि नववीचा ओहमचा नियम



आजच्या लेखात आपण ओहमचा नियम आणि रोध यांची उजळणी करणार आहोत. पण पुस्तकातल्या आकृतीवरून नाही, तर माझ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकावून. शिवाय या गोष्टीत माझी स्वतःची एक चूकही आहे. ती शेवटपर्यंत लपवण्यापेक्षा आधीच सांगून टाकते.

गेली कित्येक वर्षं मी नववीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी फळ्यावर V = IR लिहून झाल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे आपल्याला लागतं कुठं?" मला त्या दिवशी पाठ संपवायचा होता, घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, "परीक्षेला लागतं. बस खाली." ती बसली. वर्ग हसला, मीही हसले. आता विचाराल तर मला त्या हसण्याची लाज वाटते. कारण पुढे तिनेच माझे बावीस हजार रुपये वाचवले, आणि तेही याच पाठातल्या ज्ञानावर.

गाडी बंद पडली ती उन्हात

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात आहे. आमच्याकडे २०१४ सालची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. यजमान नोकरीला पुण्यात, शनिवारी येतात. आठवडाभर गाडी मीच चालवते. जानेवारीत सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी साताऱ्याला नेलं होतं. येताना दुपारी रस्त्याकडेला चहाला थांबलो. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी नुसतीच घरघरली, चालू काही होईना. पेट्रोलचा वास मात्र भरपूर. सासूबाईंच्या डोळ्यावर काळा चष्मा, आजूबाजूला धूळ आणि ऊन. तासभर तसंच बसून राहिलो. मग गाडी आपोआप चालू झाली, मागून काळा धूर सोडत.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी थंड असताना गाडी एका झटक्यात चालू व्हायची. पंधरा मिनिटं चालली की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, रेडिएटरचा पंखा एकसारखा फिरायचा आणि पेट्रोल तर प्यायल्यासारखं संपायचं. गरम असताना बंद केली की पुन्हा चालू व्हायला नखरे.

गॅरेजला नेली. मिस्त्री माणूस प्रामाणिक, कामाला चोख. गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी तपासली. संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडम, कूलंटच्या सेन्सरचा कोड दाखवतोय. पण सेन्सर मीटरनं मोजला, चांगला आहे. वायरी पण ओढून बघितल्या. म्हणजे ईसीएमच गेलाय. बावीस हजारापर्यंत जाईल. सरांना विचारून सांगा."

ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. बावीस हजार ऐकून माझा चहा थंड झाला. 'सरांना विचारून सांगा' हे वाक्यही जरा लागलं, खोटं कशाला बोलू! म्हटलं, रोध मोजायचा तर तो मलाही मोजता येतो. रोजच शिकवते की!

आधी हा सेन्सर करतो काय ते समजून घेऊ

मित्रांनो, तुमच्या आजोबांना विचारा, जुनी स्कूटर थंडीत चालू करताना ते काय करायचे? चोक ओढायचे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने जास्त पेट्रोल द्यावं लागतं. इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा. ढकलायला विसरलं तर काळा धूर, पेट्रोलचा वास आणि ओला झालेला प्लग.

आताच्या गाडीत चोक ओढायला आजोबा नाहीत, संगणक आहे. इंजिन थंड की गरम हे त्याला कोण सांगणार? हा बोटाएवढा सेन्सर. त्याचं पितळी टोक इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये बुडालेलं असतं आणि आत अर्धवाहक पदार्थाचा एक छोटासा मणी असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. तांब्याची तार तापवली की तिचा रोध वाढतो. या मण्याचं उलटं आहे. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, आणि थोडाथोडका नाही, चांगलाच. असा उलटा वागणारा पदार्थ मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये पाहिला होता, तो होता सिल्व्हर सल्फाइड. ओहमचा नियम त्याच्या थोडा आधीचा, १८२७ चा. फॅरेडेचं शालेय शिक्षण अगदी जुजबी झालं होतं, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात तो उमेदवारी करत होता. पण जे दिसलं ते नोंदवून ठेवायची सवय पक्की.

आता संगणकाला रोध थेट कळत नाही, त्याला व्होल्टेज कळतं. म्हणून तो ५ व्होल्ट आपल्या पोटातल्या एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे पाठवतो. दोन्ही रोध एकसर जोडणीत. समजा आतला रोध २ किलोओहम आहे. इंजिन थंड, २० अंशांवर आहे आणि सेन्सरचा रोध २.४ किलोओहम आहे. मग सेन्सरच्या दोन टोकांमधलं विभवांतर किती?

५ × २.४ ÷ (२ + २.४) = सुमारे २.७ व्होल्ट.

इंजिन ८० अंशांपर्यंत तापलं आणि सेन्सरचा रोध ०.३२ किलोओहमवर आला, तर?

५ × ०.३२ ÷ (२ + ०.३२) = सुमारे ०.७ व्होल्ट.

म्हणजे व्होल्टेज जास्त तर इंजिन थंड, व्होल्टेज कमी तर इंजिन गरम. बस, एवढंच संगणकाला माहीत आहे.

आता विचार करा, सेन्सरची जोडणी मधेच तुटली तर? विद्युतधारा वाहणारच नाही. मग आतल्या रोधावर काहीच व्होल्टेज पडणार नाही आणि पूर्ण ५ व्होल्ट संगणकाला दिसतील. माझ्या गाडीचा संगणक त्याचा अर्थ लावतो, उणे ४० अंश! सातारा जिल्ह्यात, भर दुपारी, उणे ४०. मग तो बिचारा चोक ओढल्यासारखं पेट्रोल ओतत राहतो. आणि सेन्सरचं काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळत असल्यामुळे, इंजिन जळू नये म्हणून पंखाही चालू ठेवतो. माझ्या गाडीची सगळी लक्षणं यात आली की नाही?

माझी तपासणी आणि माझी चूक

सुमारे सातशे रुपयांचं कोड वाचायचं छोटं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ते बसतं आणि ब्लूटूथवरून फोनला माहिती देतं. रविवारी सकाळी आठला, अंगणात चांगली थंडी असताना, मी ते लावलं. कोड आला, पी ०११८.

हा कोडही वाचायला शिकण्यासारखा आहे. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरची बाजू. '०' म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. '१' म्हणजे हवा आणि इंधनाच्या मोजमापाशी संबंधित. शेवटचा '१८' हा नेमका क्रमांक. पूर्ण अर्थ असा की, कूलंट तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येत आहे.

नीट वाचा बरं का, 'सेन्सर खराब आहे' असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. 'सर्किटमध्ये' म्हटलं आहे. सर्किटमध्ये संशयित तीन: सेन्सर, वायर व तिचा कनेक्टर, आणि संगणक. कोड आपल्याला गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं असतं.

मी सेन्सरचा कनेक्टर काढला, शाळेतला मल्टिमीटर लावला. २.७७ किलोओहम. तापमापी १७ अंश दाखवत होती. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम दिलेलं; थंडी तीन अंशांनी जास्त म्हणजे रोध थोडा जास्त. अगदी बरोबर! सेन्सर चांगला. वायरी तर मिस्त्रींनी पाहिल्याच होत्या. म्हणजे उरला संगणक. मिस्त्री बरोबर होते.

मी यजमानांना सांगितलं, "करून टाकू या." पुढच्या शनिवारी गाडी द्यायची ठरली.

पाहिलंत? मीटर होता, पुस्तक होतं, आकडा बरोबर होता, आणि निष्कर्ष साफ चुकला होता. कुठे चुकला असेल? पुढे वाचण्याआधी एक मिनिट थांबून विचार करा.

दुसऱ्या बाकावरून आलेलं उत्तर

सोमवारी नववीच्या नव्या वर्गावर नेमका तोच पाठ होता. त्या दिवशी दहावीच्या एका वर्गाचे शिक्षक रजेवर, म्हणून दहावीच्या काही मुली मागे येऊन बसल्या होत्या. त्यांत गेल्या वर्षीची ती मुलगीही होती. मी म्हटलं, चला, ओहमचा नियम कुठे लागतो ते आज सांगते. आणि गाडीची सगळी गोष्ट फळ्यावर मांडली. लक्षणं, कोड, सकाळचं मोजमाप, निष्कर्ष.

मी खडू खाली ठेवत होते तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? गाडी गरम झाल्यावर बिघडते ना?"

"हो."

"मग तुम्ही गार असताना का मोजलं?"

मी गप्प.

ती पुढे म्हणाली, "आमच्या आजीला रोज रात्री ताप यायचा. दवाखान्यात सकाळी न्यायचो. डॉक्टर म्हणायचे, ताप नाही. आईनं मग रात्री ताप मोजून वहीत लिहिला, तेव्हा डॉक्टरांना खरं वाटलं."

मित्रांनो, वर्गात अशी शांतता मी क्वचित अनुभवली आहे. मिस्त्रींचा आकडा खरा होता, माझाही खरा होता. पण आम्ही दोघांनी ताप सकाळी मोजला होता. गाडी रात्रभर थांबलेली, इंजिन थंडगार, आणि थंड असताना तर सेन्सर चांगलाच होता. त्याचं दुखणं उन्हातलं होतं.

गरम इंजिनावर मोजताना

बुधवारी शाळेतून आल्यावर मी पदर खोचला. शेजारचे तात्या विजेची कामं करतात, त्यांना सोबतीला घेतलं. गरम इंजिनाजवळ एकटीने जायचं नाही हे मी ठरवलं होतं.

आधी पूर्ण थंड इंजिन चालू करून फोनवर आकडे पाहत बसलो. २४, ३१, ४०, ५२, ६०, ६६... आणि एकदम उणे ४०! दिवा लागला, पंखा सुरू झाला. तात्या म्हणाले, "आयला, काश्मीर!"

इंजिन बंद केलं. लगेच कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावला. मीटरच्या पडद्यावर डावीकडे नुसता १. साध्या मीटरवर याचा अर्थ एक ओहम नव्हे. मोजता येणार नाही एवढा रोध, म्हणजे मार्ग तुटलेला. रविवारी २.७७ सांगणारा हाच तो सेन्सर.

तरीही उरलेल्या दोन संशयितांना न तपासता सोडायचं नाही, कारण एक घाईचा निष्कर्ष मी आधीच काढून बसले होते. किल्ली चालू ठेवली, इंजिन बंद. कनेक्टरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजलं तर ४.९८ व्होल्ट. म्हणजे संगणक ५ व्होल्ट पाठवतोय आणि वायर ते इथपर्यंत आणतेय. मग तात्यांनी वायरच्या एका तुकड्याने ती दोन टोकं एकमेकांना जोडली. फोनवर उणे ४० चा आकडा झटकन सगळ्यात वर, १४० च्या आसपास गेला. रोध शून्य म्हणजे व्होल्टेज शून्य म्हणजे 'इंजिन प्रचंड गरम', असा संगणकाने हिशोब केला. बरोबरच केला! संगणक निर्दोष, वायर निर्दोष. आणि हे सगळं इंजिन गरम असतानाच तपासलं, हे महत्त्वाचं.

(ही टोकं जोडायची चाचणी फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर, पुस्तिका पाहून, जाणत्या माणसासोबतच करायची. दुसऱ्या सेन्सरवर असं काही केलं तर चांगला संगणक खरोखर जाईल.)

बदलताना काय काळजी घेतली

नवा सेन्सर साडेसहाशे रुपयांना मिळाला. बदलला दुसऱ्या रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. इथे मात्र सकाळच हवी! गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, कूलंट क्षणात उकळतं आणि अंगावर उडतं. प्रेशर कुकरची शिट्टी काढून झाकण का उघडायचं नसतं, तेच कारण.

बॅटरीची ऋण बाजू सोडवली. खाली जुनं घमेलं ठेवलं. थंड इंजिनाचं झाकण उघडून उरलासुरला दाब घालवला. १९ नंबरच्या पान्याने जुना सेन्सर सैल केला, नवा हाताशी तयार ठेवला, आणि जुना निघताच नवा लावला, म्हणजे कूलंट फार सांडत नाही. नव्या सेन्सरबरोबर वॉशरही नवा. आधी हाताने आटे बसवले, मग पान्याने बेताने आवळलं. जोर लावला की आटे जातात, आणि मग सेन्सरचे साडेसहाशे बाजूलाच राहतात. आवळायचं माप पुस्तिकेत दिलेलं असतं.

सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुतलं. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी. कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलंही हात घालतात. घमेलं झाकून, उचलून ठेवलं.

मग कूलंट भरलं, बॅटरी जोडली, फोनवरून कोड पुसला आणि गाडी चालू केली. आत अडकलेली हवा निघायला वेळ दिला, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली. फोनवर आकडे एका लयीत चढत गेले. ६० झाले, ६६ झाले. मी श्वास रोखून. ७०, ८०, ९०. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला, काही मिनिटांनी बंद झाला. इंजिन बंद केलं आणि लगेच किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "झाली का गं तुझी शाळा?"

मिस्त्रींनाही जाऊन सांगितलं. त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून आधी माझी चूक सांगितली. ते थोडा वेळ मीटरकडे बघत बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. गरम करून मोजायला पाहिजे होता." त्या दिवशी त्यांनी सरांना विचारायला सांगितलं नाही.

वर्गातला प्रयोग

जुना सेन्सर मी स्वच्छ धुऊन प्रयोगशाळेत नेला. रंगाच्या जुन्या डब्यात पाणी घेतलं, स्वयंपाकाचं भांडं मुद्दाम टाळलं. सेन्सरचं पितळी टोक पाण्यात, पिना पाण्याच्या वर, शेजारी तापमापी. दोघांनीही बुडाला टेकायचं नाही. एक मुलगा पाणी ढवळणार, एक तापमान वाचणार. मीटर मी दहावीतून बोलावलेल्या त्या मुलीच्या हातात दिला. तिने फळ्यावर लिहिलेले आकडे असे:

२५ अंश : २.०० किलोओहम
३० अंश : १.६५ किलोओहम
४० अंश : १.१४ किलोओहम
५० अंश : ०.८१ किलोओहम
६० अंश : ०.५८ किलोओहम
६७ अंश : १ (मार्ग तुटला!)

'तुटला' म्हटल्यावर वर्गाने टाळ्याच वाजवल्या. मग पाणी थंड होऊ दिलं, तर साठच्या खाली आल्यावर आकडा परत आला. पुन्हा तापवलं, पुन्हा गेला. बहुधा आतल्या एखाद्या जोडावर केसाएवढी भेग आहे. तापल्यावर भाग प्रसरण पावतात आणि ती उघडते, थंड झाले की मिटते. म्हणजे प्रसरणाचा पाठही याच डब्यात निघाला.

आलेखही मुलांनी काढला. ओहमच्या नियमाचा V विरुद्ध I चा आलेख सरळ रेषा असतो. हा तापमान विरुद्ध रोधाचा आलेख मात्र वक्र आला. आधी झपाट्याने खाली, मग हळूहळू. एका मुलाने विचारलं, "मग हा मणी ओहमचा नियम पाळत नाही का?" छान प्रश्न. नियमात अट आहे ना, वाहकाची भौतिक अवस्था, म्हणजे तापमानही, कायम असताना! आपण तर तापमानच बदलत होतो. ती अट इतकी वर्षं मी पाठ करून घेत आले. तिचा अर्थ त्या दिवशी मुलांच्या हाताला लागला.

तास संपल्यावर मी त्या मुलीला थांबवलं आणि म्हटलं, "गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, हे लागतं कुठं. मी तुला उत्तर न देता बसवलं होतं. चुकलं माझं." ती लाजली. म्हणाली, "मॅडम, मी तर विसरले होते." ती विसरली असेलही. पण त्यानंतर वर्षभरात तिने माझ्या तासाला दुसरा प्रश्न विचारला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तर मित्रांनो, या पाठातून एवढं नक्की घ्या. मोजमाप खरं असून भागत नाही, ते योग्य वेळी घेतलेलं असावं लागतं. दुखणं ज्या अवस्थेत दिसतं, त्याच अवस्थेत मोजा. आणि कुणी 'हे कुठं लागतं' असं विचारलं, तर त्याला खाली बसवू नका.

करून पाहा

१. वरच्या आकड्यांवरून आलेख काढा. ४५ अंशांना रोध साधारण किती असेल, ते आलेखावरून सांगा.

२. आतला रोध २ किलोओहम धरून ५० अंशांना सेन्सरवरचं विभवांतर काढा.

३. सेन्सरच्या दोन पिना आतून एकमेकींना चिकटल्या, तर संगणकाला इंजिन थंड वाटेल की गरम? का?

४. तुमच्या घरात 'ठरावीक वेळीच' बिघडणारी एखादी वस्तू शोधा. ती कधी बिघडते, हे आठवडाभर वहीत लिहा. उघडायची मात्र नाही, फक्त निरीक्षण.

ती मुलगी म्हणत होती, "मॅडम, सेन्सर कापून आत बघू या ना." मी नको म्हटलं. पुढच्या वर्षीच्या नववीला तो लागणार आहे. आमच्या कपाटात डबीत ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवली आहे: गरम करून मोजा.